पाकीट आलं, सामान कुठंय?

बालदोस्तांनो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आज एक प्रश्न विचाराच. "तुमच्या लग्नात शुभेच्छांच्या तारा आल्या होत्या का?" बरेच जण हो म्हणतील. एखादे आजोबा तर कपाटातून पिवळा पडलेला कागदही काढून दाखवतील.

त्या तारेची एक गंमत होती, बरं का! तारघरात ठरलेल्या शुभेच्छांची यादी असायची आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक. लग्नासाठी एक, दिवाळीसाठी दुसरा, परीक्षेत पास झाल्याबद्दल तिसरा. पाठवणाऱ्यानं नुसता क्रमांक सांगायचा. कट्ट-कडकट्ट करत तो क्रमांकच तारेतून जायचा. पलीकडचा तारबाबू आपल्या यादीत पाहून त्या क्रमांकापुढचं वाक्य कागदावर उतरवायचा. स्वस्तात काम!

पण समजा, वाटेत एक आकडा चुकला तर? किंवा आकडा बरोबर पोचला, पण तारबाबूच्या हातातली यादीच दुसरी असली तर? भर मांडवात नवरा-नवरीचं परीक्षा पास झाल्याबद्दल अभिनंदन!

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तार बंद झाली. पण ही गंमत काही बंद झालेली नाही. ती आता आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहे. काकांनी ईमेलनं पाठवलेला फोटो तुम्ही मावशीला फॉरवर्ड करता. मावशीचा फोन येतो, "अरे, उघडतच नाहीये! फाइल करप्ट झालीय म्हणे." किंवा, "मराठी पत्र पाठवलंस म्हणालास, इथे तर नुसतं इंग्रजी गिचमिड दिसतंय." मग घरातले सगळे मोबाइलला, नेटवर्कला आणि शेवटी तुम्हाला बोल लावतात.

अशा वेळी वैद्याप्रमाणे आधी नाडी पाहायची. रोग दोनच. एक तर वाटेत आकडे सांडले, नाहीतर पलीकडची यादी चुकली. आकडे सांडले असतील तर फाइल खरोखरच मोडली. यादी चुकली असेल तर फाइल ठणठणीत आहे, वाचणारा चुकतो आहे. हे दोन रोग ओळखता आले की निम्मं काम झालं. पण ते ओळखायचे तर ईमेलच्या पोटात काय चालतं ते थोडं पाहायला हवं. चला तर!

ईमेल जन्माला आली ती फक्त अक्षरं नेण्यासाठी. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि पत्त्यात ते गोल शेपटीचं चिन्ह, म्हणजे आपलं 'ॲट', वापरलं. निरोप इंग्रजीत. इंग्रजीची मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम वगैरे सगळं धरून १२८ घरांची यादी पुरत होती. संगणकाला तर शून्य आणि एक एवढंच कळतं. १२८ चिन्हांना सात शून्य-एक पुरे होतात. म्हणून ईमेलचा रस्ताही सातच जणांच्या गाडीचा बांधला गेला. आठवा कुणी चढलाच तर वाटेतले कितीतरी संगणक त्याला खुशाल खाली उतरवून द्यायचे!

आता फोटो, गाणं, पीडीएफ यांचं काय? ही मंडळी आठ-आठच्या टोळीनंच फिरतात. आठ शून्य-एकांच्या अशा टोळीला बाइट म्हणतात. आठातला एक जरी उतरला तरी फोटोची चाळण होणार.

यावर तोडगा निघाला १९९२ मध्ये. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी 'माइम' नावाची पद्धत बसवली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी मित्रांना एक मेल पाठवली. तिला जोडलं होतं काय? त्यांच्याच चौघांच्या गाणाऱ्या चमूचा फोटो आणि त्या चमूनं गायलेलं गाणं! आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो, त्या पद्धतीची ती पहिली मेल. तेव्हा लोक त्यांना विचारायचे, हा खटाटोप कशासाठी? ते म्हणत, उद्या मला नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला मेलनं यावेत म्हणून. पुढे त्यांना खरोखरच नातवंडं झाली. आपल्याकडे तर १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे भारतातल्या घराघरांत ईमेल पोचायच्या आधीच अटॅचमेंटची सोय तयार होती.

ही सोय करते काय, ते कवायतीच्या तासाला करून पाहता येतं. मी वर्गात करून घेतलं आहे, फार मजा येते. चोवीस मुलं घ्या. आठ-आठच्या तीन रांगा करा. उभा मुलगा म्हणजे एक, बसलेला म्हणजे शून्य. आता कुणालाही उठवू-बसवू नका, जागचा क्रमही बदलू नका. फक्त रांगा मोडून सहा-सहाच्या चार करा. तीन आठे चोवीस आणि चार सख चोवीस! सहा जणांची रांग उठण्या-बसण्याच्या ६४ तऱ्हा दाखवू शकते. त्या ६४ तऱ्हांना ६४ साधी चिन्हं दिली. इंग्रजीची २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, दहा आकडे, एक अधिकचं चिन्ह आणि एक तिरकी रेघ. झाले की नाही चौसष्ट? ही सगळी चिन्हं सात जणांच्या गाडीत आरामात बसतात. फोटो असो की गाणं, त्याचं असं अक्षरांत रूपांतर होतं, ते लांबलचक पत्रासारखं जातं आणि पलीकडे पुन्हा आठ-आठच्या रांगा लागतात. या युक्तीला 'बेस चौसष्ट' म्हणतात.

आपला 'क' घेऊन बघू या का? मोबाइलमध्ये 'क' तीन बाइटांचा असतो: १११००००० १०१००१०० १००१०१०१. याच्या सहा-सहाच्या रांगा करा: १११००० ००१०१० ०१००१० ०१०१०१. या रांगांची किंमत येते ५६, १०, १८ आणि २१. मोजणी शून्यापासून करायची. शून्य म्हणजे मोठा ए, पंचवीस म्हणजे मोठा झेड, पुढे छोटी अक्षरं, आणि ५२ पासून आकडे शून्य ते नऊ. म्हणजे आपला 'क' निघाला '४, मोठा के, मोठा एस, मोठा व्ही' अशा वेशात! तिघांच्या जागी चौघे आले, हेही ध्यानात ठेवा. नऊ एमबीची फाइल मेलमध्ये बारा एमबीची होऊन बसते ती यामुळेच. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. तरी तेवीस-चोवीस एमबीचा व्हिडिओ अडतो. मेल तो पॅक केल्यावरचं वजन धरते ना!

आता मघाच्या कवायतीत एक खोडी काढा. सहा-सहाच्या रांगा लागल्यावर मधल्याच रांगेतल्या एकाला हळूच बाहेर काढा आणि बाकीच्यांना एकेक घर पुढे सरकवून पुन्हा आठ-आठच्या रांगा लावायला सांगा. त्याच्या मागचे सगळेच्या सगळे चुकतात! एकानं केलेला घोळ शेवटच्या मुलापर्यंत जातो. फाइल करप्ट होते म्हणजे पुष्कळदा हेच होतं.

पण फोनवरून फॉरवर्ड करताना याहूनही जास्त वेळा दिसतं ते शेपूट तुटणं. फाइल पूर्ण यायच्या आधीच नेटवर्क गेलं आणि जेवढं आलं तेवढंच पुढे गेलं. यात एक लक्षण फार बोलकं आहे. अर्धवट आलेला फोटो बहुतेक वेळा अर्धा तरी दिसतो. वरचा भाग नीट, खाली करडा पट्टा. अर्धवट पीडीएफ मात्र कित्येकदा अजिबात उघडत नाही. असं का बरं? आपल्या पुस्तकात अनुक्रमणिका पहिल्या पानावर असते. पीडीएफची अनुक्रमणिका असते शेवटी! झिप फाइलचीही तशीच. शेपूट तुटलं की अनुक्रमणिकाच गेली. मग आत नव्वद टक्के मजकूर असूनही मोबाइल म्हणतो, मला काही सापडत नाही.

म्हणून पहिली नाडी म्हणजे वजन. मूळ फाइल किती केबी, तुमच्याकडे आलेली किती केबी? मूळ चार एमबी आणि आलेली तीन केबी असेल तर पाकिटावर नाव आहे, आत सामान नाही. त्या फाइलशी झटापट करू नका. जिथून आली तिथे पुन्हा मागा.

दुसरा रोग यादीचा. तो आपल्या मराठीला जरा जास्तच छळतो. मराठीसाठी एकच एक यादी फार उशिरा रुळली. नव्वदच्या दशकात छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आयएसएम असे कितीतरी फॉन्ट होते. त्यांची करामत गावात येणाऱ्या बहुरूप्यासारखी. फाइलमध्ये खरं तर इंग्रजीच्या घरांतले आकडे असायचे. फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी अक्षरांचा वेश चढवायचा. त्या संगणकावर तो फॉन्ट आहे तोवर पत्र झकास मराठीत दिसायचं. दुसरीकडे पाठवलं, तिथे फॉन्ट नाही, की बहुरूप्याचा रंग उतरला! खालचं इंग्रजी गिचमिड उघडं पडलं. शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, मंडळांच्या जुन्या संगणकांवर अशा फाइली आजही हजर आहेत. कुणीतरी त्या फॉरवर्ड करतो आणि मोबाइलवर त्यांचा असा चिवडा होतो. हा चिवडा पाहून घाबरायचं नाही. आत सगळं शाबूत असतं. तोच फॉन्ट असलेल्या संगणकावर फाइल उघडून तिची पीडीएफ करून घ्यायची. नाहीतर जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात, त्यांतून काढायची. रूपांतरात जोडाक्षरं थोडी लंगडतात, ती हातानं दुरुस्त करावी लागतात.

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांची मिळून एकच यादी. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरं सलग मिळाली. ही घरं कशी लावायची याचा नमुना भारतातूनच गेला. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची यादी तयार झाली होती, तिचाच क्रम युनिकोडनं उचलला. आणि संगणकावर ही युनिकोडची मराठी ज्या फॉन्टमधून बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिली तो विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट कुणी काढला, माहीत आहे? आपल्या र. कृ. जोशींनी. ते कवी होते, अक्षरांचे जादूगार होते आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवत असत.

यादी झाली, पण तिच्यातले मोठमोठे क्रमांक बाइटांत बसवायचे कसे? तोही घाट १९९२ सालीच घातला गेला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोघे न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवायला बसले होते. ताटाखाली कागद अंथरलेला होता. त्यावरच त्यांनी 'यूटीएफ आठ' या पद्धतीचं गणित मांडलं! आज तुमच्या फोनमधली मराठी त्याच पद्धतीनं साठते. (आम्ही पोरांना पाटावर, ताटाखालच्या वर्तमानपत्रावर लिहू नका म्हणून ओरडतो. आता जरा विचार करून ओरडायला हवं!)

तर आता गिचमिड पाहून रोग सांगा बरं. पडद्यावर रिकामे चौकोन दिसतात? फाइल ठीक आहे, फोनकडे ती अक्षरं काढायला फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि त्याच्या शेजारी चार शिंगं फुटलेलं वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते? ती युनिकोड मराठीच आहे, पण वाचणाऱ्यानं युरोपातल्या अक्षरांची जुनी यादी हातात धरली आहे. ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहा, बहुधा सरळ दिसेल. सगळीकडे '४, के, एस' ही तिकडी विखुरलेली दिसते? ओळखलंत ना! मघाचा 'क' आठवा. मराठीच पत्र, फक्त बेस चौसष्टचा वेश अजून उतरवलेला नाही. आणि नुसतीच प्रश्नचिन्हं दिसत असतील, ओळीच्या ओळी? मग मात्र वाईट. वाटेतल्या कुठल्यातरी यंत्राला आपली अक्षरं त्याच्या यादीत सापडली नाहीत. त्यानं प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं आणि मूळ क्रमांक फेकून दिला. प्रश्नचिन्हांतून पत्र परत काढता येत नाही. पाठवणाऱ्याकडेच जावं लागतं.

हे सगळं आमच्या शाळेत का शिरलं ते सांगते. आमच्या पाचवीतल्या एका मुलीची आजी धवलारीण होती. पनवेल-उरणच्या आगरी समाजात लग्न लागतं ते धवल्यांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी धवलारीण गाण्यातून सांगत जाते. बहुतेक धवले कागदावर नाहीत, ते तोंडपाठ. या मुलीनं उन्हाळ्यात आजीचा एक धवला आईच्या मोबाइलवर रेकॉर्ड केला, चांगला अकरा मिनिटांचा, आणि नाशिकच्या मामाला मेल केला. पावसाळ्यात आजी गेली. त्याच सुमारास आईचा मोबाइल दुरुस्तीला टाकला, तो सगळा पुसून परत आला. आजीचा आवाज राहिला फक्त मामाच्या मेलमध्ये.

मामाला फोन केला तेव्हा मामा गाडीत. कसाऱ्याच्या घाटात, बोगद्यामागून बोगदे. त्यानं तिथूनच फॉरवर्ड केलं. इकडे आलेली फाइल तीन केबी! उघडेचना. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती रडून लाल झालेली. "बाई, आजी करप्ट झाली," म्हणाली. वर्गात कुणी हसलं नाही.

आता विचार करा. मोडलं ते काय? मोडलं ते फॉरवर्ड. काही मेल ॲप फॉरवर्ड करताना अटॅचमेंट आधी फोनवर उतरवतात आणि तिथून पुन्हा वर चढवतात. उतरवणं अर्धवट राहिलं की चढतं तेही अर्धवट. पण मामाच्या मेलपेटीत आलेलं मूळ पत्र सर्व्हरवर जसंच्या तसं होतं. फॉरवर्ड केल्यानं मूळ पत्राला धक्का लागत नाही. फक्त ते पत्र कुणी पुसता कामा नये. मी मामांना निरोप दिला, काहीही डिलीट करू नका आणि घरी पोचल्यावर संगणकावरून मेल उघडा. रात्री त्यांनी तिथून फाइल उतरवली. वजन दहा एमबी. अकरा मिनिटांच्या आवाजाला तेवढं वजन असायलाच हवं. ती नव्यानं जोडून त्यांनी पाठवली.

तरीही वाजेना! "ही फाइल उघडणारं ॲप सापडत नाही." आता हे काय? फाइलचं नाव पाहिलं: 'आजीचा धवला'. नुसतंच. मागची शेपटी गायब. मुलीनं हौसेनं नाव बदलताना ती पुसली गेली होती. फाइलच्या नावामागे टिंब देऊन जी दोन-चार अक्षरं असतात ना, जेपीजी, पीडीएफ, एमपी३, ती म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी. आत सरबत की रॉकेल, हे मोबाइल चिठ्ठी वाचून ठरवतो. चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्यानं हात वर केले.

पण चिठ्ठी पडली तरी वासावरून ओळखता येतं! बहुतेक फाइलींच्या अगदी सुरुवातीच्या बाइटांत त्यांची ओळख लिहिलेली असते. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं आणि पी, डी, एफ या अक्षरांनी होते. झिप फाइलीची पहिली दोन अक्षरं पी आणि के. ही फिल कॅट्झ या माणसाची आद्याक्षरं. झिपची पद्धत त्यानंच १९८९ मध्ये आणली. वर्डची डॉक्स फाइलही आतून झिपच असते, म्हणून तिच्याही तोंडाशी हेच पी-के. आम्ही त्या धवल्याच्या फाइलची आधी एक प्रत काढली आणि ती प्रत शाळेच्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली. सगळा चिवडा, पण पहिल्याच ओळीत 'एफ टी वाय पी' आणि त्याला चिकटून 'एम ४ ए' स्पष्ट दिसलं. म्हणजे मोबाइलच्या रेकॉर्डरची नेहमीची फाइल! नोटपॅड काहीही सेव्ह न करता बंद केलं. (सेव्ह केलं असतं तर प्रतीचं मातेरं झालं असतं. नोटपॅड अक्षरांची यादी लावून सगळं नव्यानं लिहितं.) नावामागे टिंब आणि 'एम ४ ए' लावलं. आणि वर्गात आजीचा आवाज घुमला. मधेच कोंबडा आरवलेलाही ऐकू येतो.

आता तो धवला तीन ठिकाणी ठेवला आहे. मुलांनी ऐकून ऐकून तो वहीतही उतरवायला घेतला आहे. त्यातले दोन शब्द कुणालाच लागत नाहीत, गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं चाललं आहे.

बाकी फोनवरून फॉरवर्ड करताना मी काय करते, तेही सांगून टाकते. आधी अटॅचमेंट स्वतः उघडून बघते, अगदी शेवटच्या पानापर्यंत. माझ्याकडे उघडली तर ती पूर्ण उतरली आहे. तरीही पलीकडे मोडकी पोचली तर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड करत बसत नाही. ती फाइल फोनमध्ये सेव्ह करते, नवी मेल लिहिते आणि तिथे जोडते. फाइलचं नाव छोटं, साधं, इंग्रजी अक्षरांत ठेवते. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण जुन्या मेल ॲपमध्ये देवनागरी नावाचं बरोबरच्या चिन्हांनी आणि प्रश्नचिन्हांनी भरलेलं कडबोळं होतं. मराठी आत लिहावी, पाकिटावर पिनकोड असावा, तसं! वर्डची फाइल असेल तर पीडीएफ करून पाठवते. मोठा व्हिडिओ असेल तर तो ड्राइव्हवर ठेवून नुसती लिंक देते.

काही वेळा फाइल मोडलेली नसतेच, पलीकडच्याला तो प्रकार ठाऊक नसतो. आयफोन २०१७ पासून 'एचईआयसी' प्रकारात फोटो काढतो, तो जुन्या संगणकावर उघडत नाही. जेपीजी करून मागवायचा. 'विनमेल डॅट' नावाची विचित्र फाइल आली तर समजावं की पाठवणाऱ्याच्या आउटलुकनं सगळं सामान स्वतःच्याच गाठोड्यात बांधलं आहे. त्याला साधी मेल पाठवायला सांगावं. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो धुरकट दिसतो ते करप्शन नव्हे. तिथे फोटो दाबून लहान केला जातो. मूळ हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

एका ठिकाणी मात्र दुरुस्ती करायला जायचंच नाही. 'लग्नाची पत्रिका' किंवा 'गाडीचा दंड' अशा नावानं फाइल येते, तिच्या शेपटीला 'एपीके' असतं. ती पत्रिका नाही आणि मोडलेलीही नाही. ते एक ॲप आहे. उघडत नाही म्हणून खटपट केलीत आणि परवानग्या देत गेलात, तर ते फोनमध्ये ठाण मांडतं, मेसेज वाचतं आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोचतं. अशी फाइल दिसली की घरातल्या मोठ्यांना दाखवा, फॉरवर्ड तर मुळीच नको.

आता तुमच्यासाठी एक कोडं! मघाशी 'क' चा वेश पाहिला: ४, के, एस आणि व्ही. यात '४, के, एस' हे सगळ्याच व्यंजनांना सारखं. बदलतं ते फक्त शेवटचं चिन्ह. आणि गंमत अशी, की आपली वर्णमाला पुढे सरकते तशी इंग्रजीही ओळीनं सरकते! क म्हणजे मोठा व्ही, ख मोठा डब्ल्यू, ग मोठा एक्स, घ मोठा वाय, ङ मोठा झेड. मोठी अक्षरं संपली, म्हणून च म्हणजे छोटा ए, छ छोटा बी, असं करत न येतो छोट्या ओवर. न नंतर एक घर सोडायचं, तिथे नुक्ता असलेला ऩ बसतो. मग प म्हणजे छोटा क्यू. र हा छोटा डब्ल्यू, त्याच्या पुढचं घर 'सुऱ्या', 'तऱ्हा' मधल्या ऱ चं, म्हणून ल येतो छोट्या वायवर आणि ळ छोट्या झेडवर. पुन्हा एक घर सोडून व म्हणजे आकडा १, आणि तिथून श, ष, स, ह म्हणजे २, ३, ४, ५. वहीत पूर्ण तक्ता करा, मग ओळखा हा चार अक्षरी शब्द. काना नाही, मात्रा नाही, आणि या लेखात आपण सगळा वेळ त्याच्याच मागे होतो:

४ के एस मोठा एक्स, ४ के एस छोटा एच, ४ के एस छोटा एस, ४ के एस छोटा एच.

उत्तर पुढच्या अंकात. कोडं सुटलं तर आपल्या नावातली व्यंजनंही याच वेशात लिहून पाहा.